आधी तास सांगा, मग भरती करा

जुलै उजाडला की मुंबईच्या कॉलेजांत दोन रांगा लागतात. पहिली ऑफिसच्या खिडकीपाशी: फी, आयकार्ड, रेल्वे कन्सेशन. दुसरी कँटीनच्या वाटेवर मांडलेल्या टेबलापाशी: कॉलेजच्या फेस्टची, म्हणजे महोत्सवाची, भरती. तिथं एसवाय-टीवायची मुलंमुली एकसारखे टी-शर्ट घालून बसलेली असतात, पुठ्ठ्यावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, आणि नव्यानं आलेल्या एफवायच्या मुलाला त्या अनोळखी इमारतीत पहिल्यांदाच कुणीतरी आपलेपणानं विचारतं, ‘‘कुठलं डिपार्टमेंट हवंय? पीआर, मार्केटिंग, हॉस्पिटॅलिटी, सिक्युरिटी?’’ फॉर्म भरला की दोन-तीन दिवसांत इंटरव्ह्यू. रिकाम्या वर्गात बाकाच्या एका बाजूला तीन सीनियर, दुसऱ्या बाजूला एकटा फ्रेशर. आमच्याच टीममध्ये का यायचंय? प्रेशर झेपेल का? घरून उशिरापर्यंत थांबायची परवानगी आहे ना? आणि उठता उठता, सहज विचारल्यासारखं, राहायला कुठे?

या शेवटच्या प्रश्नाला ‘मनोरी’ असं उत्तर देणाऱ्या मुलीचा विचार करा. मनोरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, पण लोकलच्या रुळांपासून खाडीनं तोडलेलं आहे. कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांचं हे गाव. कॉलेजला निघायचं तर आधी जेट्टी गाठायची, बोटीनं पलीकडे मार्व्याला उतरायचं, मार्व्याहून बस किंवा शेअर रिक्षानं मालाड स्टेशन, आणि मग गाडी. बोटीत स्कूटर, मासळीच्या पाट्या, दप्तरं, टिफिन सगळं एकमेकांना खेटून उभं असतं. खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात, वेळ जातो तो वाट पाहण्यात. जोराचा वारा-पाऊस असला की बोट थांबते. रस्त्यानं यायचं तर गोराई, उत्तन करत भाईंदरला वळसा. विलेपार्ल्याच्या कॉलेजात पहिल्या लेक्चरला पोहोचायचं तर दीड तास हाताशी धरूनच घर सोडावं लागतं, आणि परतीचा तेवढाच. संध्याकाळी सात वाजता ‘क्विक मीटिंग’ ठेवणाऱ्या सीनियरच्या मनात हा हिशेब येत नाही, कारण तो कुणी त्याला विचारलेलाच नसतो.

फेस्टच्या टीमसाठी, नाटकाच्या ग्रुपसाठी, ढोल-ताशाच्या पथकासाठी मुलांची भरती होते ती उत्साहाच्या भरात. काम किती तासांचं, कुठल्या महिन्यात किती, परीक्षेच्या आधी ते कधी थांबणार, हे भरतीच्या दिवशी कुणी सांगत नाही. सांगायला हवं, आणि लेखी सांगायला हवं. बाकीचे बहुतेक प्रश्न, म्हणजे हजेरीचे, केटीचे (राहिलेल्या विषयांचे), घरच्यांशी होणाऱ्या वादाचे, तिथूनच सुरू होतात.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत हा प्रश्न फार जुना आहे. विल्यम अँड मेरी कॉलेजात ५ डिसेंबर १७७६ रोजी फाय बीटा कॅपा ही ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली पहिली विद्यार्थी मंडळी जमली. पुढे ती विद्वत्तेचा सन्मान करणारी संस्था झाली, पण तिच्या नमुन्यावर मुलांच्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरोरिटी उभ्या राहिल्या. सत्राच्या सुरुवातीला होणाऱ्या त्यांच्या भरतीला तिथं ‘रश’ म्हणतात. भारतीय वंशाच्या मुलांनीही यात आपली घरं बांधली आहेत: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली सिग्मा बीटा ऱ्हो सुरू झाली, टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये १९९८ साली कॅपा फाय गामा ही दक्षिण आशियाई मुलींची सोरोरिटी. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांत मुलगी कॉलेजला गेली की पहिल्याच सत्रात आईबाबांच्या कानावर हे शब्द पडतात, आणि फोनवरचा पहिला सवाल ठरलेला असतो: अभ्यासाचं काय?

तिथल्या काही विद्यापीठांनी या सवालाला सरळ उत्तर दिलं आहे. प्रिन्स्टननं २०१२ च्या सत्रापासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फ्रॅटर्निटी-सोरोरिटीत जायलाच मनाई केली. इतर अनेक ठिकाणी पहिलं सत्र संपून गुण हाती येईपर्यंत भरती पुढे ढकलली जाते. आधी कॉलेज म्हणजे काय हे कळू द्या, अभ्यासाची घडी बसू द्या, मग मंडळात जा, असा त्यामागचा विचार आहे.

मुंबईत ग्रीक अक्षरांची मंडळं नाहीत. पण त्यांची जागा रिकामी आहे असं कुणी समजू नये. सेंट झेवियर्सचा ‘मल्हार’ १९७९ पासून, आयआयटी मुंबईचा ‘मूड इंडिगो’ १९७१ पासून, पार्ल्यात एनएमचा ‘उमंग’ आणि मिठीबाईचा ‘क्षितिज’. शिवाय मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक कॉलेजचा आपापला महोत्सव आहे. त्यांच्या ओसी (आयोजन समिती), कोअर टीम, एचओडी, व्हॉलंटियर अशा उतरंडी आहेत, दुसऱ्या कॉलेजात स्पर्धेला नेणारे कंटिंजंट लीडर आहेत, टीमच्या आतले विनोद आहेत, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या मैत्र्या आहेत. एकांकिकांच्या ग्रुपचं तर कुळ-घराणंच असतं. रुईयाचं नाट्यवलय म्हटलं की त्या मंडळातून गेलेल्या माणसाचा आवाज बदलतो.

आणि ही मंडळं मोलाची आहेत, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. वर्गात न बोलणारा मुलगा प्रायोजक मिळवायला एखाद्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसतो, नकार ऐकतो, पुन्हा जातो. हिशेब लिहायला शिकतो. पोलीस परवानगी, अग्निशमन दलाचं पत्र, ध्वनिक्षेपकाची वेळ या गोष्टी अभ्यासक्रमात कुठेच नसतात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी महिनाभर पीआरच्या टेबलावर बसली की इंग्रजीची भीती विसरते. बॅकस्टेजला लाइट उचलणारा मुलगा तालमीत काय काय ऐकतो आणि त्यातलं किती आयुष्यभर पुरतं, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासानंच दाखवलं आहे.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जब्बार पटेल आणि मोहन आगाशे डॉक्टर होत होते आणि नाटकही करत होते. एक बालरोगतज्ज्ञ झाले, दुसरे मनोविकारतज्ज्ञ. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं तेव्हा पटेलांचं दिग्दर्शन होतं आणि आगाशे नाना फडणवीस होते. सतीश आळेकरांनी पुणे विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एमएससी केलं. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. वैद्यकीय शिक्षणाइतका निर्दय अभ्यासक्रम आणि नाटकाइतकी वेळखाऊ कला ही माणसं एकत्र पेलू शकली, तर बीकॉमच्या मुलानं फेस्ट आणि परीक्षा का पेलू नये, असा युक्तिवाद सीनियर हमखास करतात.

तो अर्धाच खरा आहे. ही नावं आपल्याला माहीत आहेत, कारण ती पुढे गेली. त्याच तालमींत वर्ष गमावलेल्यांची यादी कुणी केलेली नाही. शिवाय कॉलेज आणि तालमीची जागा एकाच शहरात, सायकलच्या अंतरावर असणं ही त्या काळच्या पुण्याची सोय होती. विरार, कल्याण, पनवेल किंवा मनोरीहून येणाऱ्या आजच्या मुलाला ती नाही. त्याच्या दिवसातले तीन-चार तास प्रवासानं आधीच उचललेले असतात.

मुंबईतलं वेळापत्रक पाहिलं की कोंडी कुठे होते ते लगेच दिसतं. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, गुणवत्ता याद्या जूनपर्यंत चालतात, एफवायचे वर्ग धड सुरू व्हायला जुलै येतो. ‘मल्हार’ आणि ‘उमंग’ ऑगस्टमध्ये. विद्यापीठाचा युवा महोत्सवही पावसाळ्यातच. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ज्यांनी ढोल घेतला त्यांची प्रॅक्टिस त्याच्या आधीचे दोन महिने. इंटर्नल्स त्याच सुमारास, आणि सेमिस्टरची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजेच नवा विद्यार्थी अकाउंट्सच्या पहिल्या प्रकरणाशी ओळख करून घेत असतो तेव्हाच त्याच्याकडे सर्वात जास्त तास मागितले जातात. आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ डिसेंबरच्या उत्तरार्धात, सेमिस्टरची परीक्षा उरकल्यावर होतो. तयारी वर्षभर चालते हे खरं, पण ऐन धावपळीच्या आठवड्यात डोक्यावर पेपर नसतो. तारखेची निवड एवढा फरक पाडते.

आता हजेरी. मुंबई विद्यापीठाचा नियम सांगतो की सेमिस्टरमध्ये सरासरी ७५ टक्के हजेरी हवी आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के. सेमिस्टरला शिकवण्याचे ९० दिवस धरले तर साधारण २२ दिवस चुकवायची मुभा उरते. त्यात तापाचे दिवस आले, रुळांवर पाणी साचल्याचे दिवस आले, घरातलं लग्न आलं, मनोरीच्या मुलीसाठी बोट न सुटलेल्या सकाळी आल्या. फेस्टच्या आधीचा पंधरवडा यात कुठे बसवायचा? मग सुरू होतो अटेंडन्स लेटरचा उद्योग. ओसीच्या शिक्क्यानं पत्र निघतं, सरांची सही मिळते, डिफॉल्टर लिस्टमधून नाव जातं. यानं हजेरी भरून निघते. चुकलेला कॉस्टिंगचा धडा मात्र चुकलेलाच राहतो, आणि तो परत शिकवायची जबाबदारी कुणाचीच नसते. क्लासला पैसे भरू शकणारा मुलगा ती कमतरता भरून काढतो. ज्याला ते परवडत नाही, त्याच्या वाट्याला केटी येते.

इथेच हा वेळेच्या नियोजनाचा वैयक्तिक प्रश्न राहत नाही, न्यायाचा होतो. ‘उशिरापर्यंत थांबता येईल का’ या प्रश्नावर निवड ठरली की टीममध्ये कोण येणार हे आधीच ठरतं: कॉलेजजवळ राहणारे, संध्याकाळी नोकरी न करणारे, रात्री घरी न्यायला कुणी येऊ शकेल असे. दुपारनंतर मेडिकलच्या दुकानात उभा राहणारा मुलगा गळतो. धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी गळते. मुलींच्या बाबतीत तर घरचा नकार आधीच तयार असतो, आणि ‘किती वाजता सुटणार?’ या वडिलांच्या प्रश्नाला टीमकडे उत्तर नसलं की तो पक्का होतो. सीनियरांच्या मनात दुजाभाव नसतो. निकषच तसा असतो. नोकरीच्या मुलाखतीत ‘फेस्टची कोअर टीम’ ही ओळ बायोडेटावर वजनदार ठरते, तेव्हा ही गळती पुढच्या दारापर्यंत पोहोचते.

तास मोजून काम देणं अशक्य आहे, सळसळत्या वयातल्या मुलांच्या उत्साहाला घड्याळ लावता येत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण त्याच कॉलेजच्या तळमजल्यावर आहे. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिचा हिशेब ठरलेला: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. स्वयंसेवकाच्या हातात डायरी असते. आज किनारा साफ केला, चार तास. रक्तदान शिबिरात बसलो, पाच तास. तास भरले की नोंद पूर्ण. मुंबई विद्यापीठात या कामासाठी वाढीव १० गुण देण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. एनएसएसमध्ये जाणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला, दोघांनाही पहिल्याच दिवशी माहीत असतं की हे प्रकरण किती मोठं आहे.

फेस्टच्या टीमचे तास याच्याशेजारी ठेवून पाहावेत. रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस, असे आठ आठवडे. हा कुठल्याही सक्रिय डिपार्टमेंटसाठी फार चढा अंदाज नाही. गुणाकार १२० येतो. एनएसएसनं वर्षभरात विभागलेलं काम इथं पहिल्या दोन महिन्यांत संपतं, आणि त्यात फेस्टचे प्रत्यक्ष दिवस, आदल्या रात्रीची सजावट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेबाराला पडणारे ‘सगळ्यांनी कन्फर्म करा’ हे निरोप धरलेलेच नाहीत. मनोरीच्या मुलीला उशिराच्या परतीचा भार वेगळाच.

महाराष्ट्रात विद्यार्थ्याच्या श्रमाचे तास मोजण्याची परंपरा तर एनएसएसहूनही जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना रुजवली. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, आणि तिचं साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं. शेतात, ग्रंथालयात, ऑफिसात मुलगा ठरावीक तास काम करी आणि त्या श्रमांतून त्याचं शिक्षण निघे. आजही राज्यातल्या विद्यापीठांत ही योजना चालते आणि तिचं मानधन तासावर ठरतं. गरजू मुलाच्या कामाचा तास मोजण्याची ही प्रामाणिकता आपल्याकडे आहे, मग हौशी मुलाच्या कामाचा तास मोजायला अडचण काय?

विद्यापीठांनी आता अशा कामाला नाव आणि मापही दिलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या पदवी अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमीय उपक्रमांना क्रेडिट मिळतं: एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक कार्य. सेमिस्टरला दोन क्रेडिट, आणि प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण ६०. कॉलेजनं ठरवलं तर फेस्टचं किंवा नाटकाचं काम याच चौकटीत बसवता येईल. मग ६० तासांच्या पुढचं काम कुठल्या अधिकारात मागता, हा प्रश्न विद्यार्थी विचारू शकेल. आज त्याच्याकडे तो विचारायला आधार नाही.

निवडणुकीचं उदाहरणही बोलकं आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत थेट निवडणुका हिंसाचारामुळे बंद पडल्या, १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं नेमणुकीची पद्धत आली. पुढे देशभरासाठी लिंगडोह समितीनं शिफारशी केल्या आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या लागू केल्या. त्यांत उमेदवारासाठी दोन अटी होत्या: त्या वर्षी एकही विषय राहिलेला नसावा, आणि हजेरी विद्यापीठाच्या नियमाइतकी किंवा ७५ टक्के, यांतली जी जास्त असेल ती हवी. शिवाय निवडणूक सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत उरकावी, म्हणजे अभ्यासाचे दिवस वाया जाणार नाहीत. विद्यार्थी प्रतिनिधीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं एवढा विचार केला. लाखो रुपयांचं प्रायोजकत्व हाताळणाऱ्या, शेकडो मुलांचे तास वापरणाऱ्या फेस्टच्या कोअर टीमला तसा कुठलाही सामाईक नियम नाही. दोन केटी असलेला टीवायचा मुलगा टीमचा प्रमुख असतो आणि एफवायची मुलं त्यालाच आदर्श मानतात. त्याच्या कष्टांविषयी आदर बाळगूनही म्हणायला हवं की त्या वर्षी तरी त्यानं त्या खुर्चीत बसू नये.

एक गोष्ट कॉलेजांनी फार गंभीरपणे घ्यायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत रॅगिंगची व्याख्या मारहाण आणि अपमान यांवर थांबत नाही. सीनियरच्या ज्या कृतीनं नव्या विद्यार्थ्याच्या नियमित अभ्यासात अडथळा येतो, तीही रॅगिंगमध्ये मोडते. नव्या विद्यार्थ्यावर जबरदस्तीनं खर्चाचा बोजा टाकणं, त्यालाही तेच नाव आहे. महाराष्ट्रानं तर त्याच्या दहा वर्षं आधी, १९९९ साली, रॅगिंगबंदीचा कायदा केला. ‘लेक्चर बंक करून ये, प्रिंटआउट्स आण, नाहीतर टीममधून काढू’ हे वाक्य कॉलेजच्या आवारात रोज कुठेतरी बोललं जातं. ते बोलणाऱ्या विशीतल्या मुलाला आपण नियमाच्या कुठल्या बाजूला उभे आहोत याची कल्पनाही नसते. त्याच्यावर कारवाई व्हावी असा इथला आग्रह नाही. पण भरतीच्या आधी सीनियरांना बसवून ही व्याख्या वाचून दाखवणं हे कॉलेजचं काम आहे, आणि त्याला अर्धा तास पुरतो.

याला विरोध होईल, आणि त्यातला काही भाग रास्त आहे. फेस्ट विद्यार्थ्यांचा असतो, त्यात प्रशासनानं हात घातला की तो ऑफिसचा कार्यक्रम होतो, उत्साह मरतो, ही भीती खरी आहे. शिक्षकांनी प्रत्येक मीटिंगला बसावं असं कुणी म्हणत नाही. कुठलं बॅनर लावायचं, कुठल्या कलाकाराला बोलवायचं, नाटक कुठलं करायचं, हे मुलांचंच. फक्त कामाचा आकार आधी जाहीर व्हावा. दुसरी तक्रार अशी की काम आधी नेमकं सांगताच येत नाही, ऐनवेळी काहीतरी उपटतंच. उपटतं, हे मान्य. पण जो महोत्सव चार दशकं भरतो आहे, त्याच्या टीमला मागच्या वर्षी किती तास लागले हे माहीत असायलाच हवं. नसेल तर यंदा लिहून ठेवायला सुरुवात करता येईल.

पहिल्या वर्षाच्या मुलांना सरसकट बंदी घालावी का, प्रिन्स्टनसारखी? मुंबईत ते चुकीचं ठरेल. इथं बहुतेक मुलं हॉस्टेलवर राहत नाहीत, त्यांना कॉलेजशी बांधणारी दुसरी जागाच नाही. तीन वर्षांच्या पदवीतलं एक वर्ष काढून घेतलं तर उरतं काय? पण पहिल्या सेमिस्टरमध्ये एफवायच्या मुलाला फक्त फेस्टच्या प्रत्यक्ष दिवसांचं काम द्यावं आणि जबाबदारीचं पद दुसऱ्या सेमिस्टरपासून, पहिला निकाल पाहून द्यावं, ही मधली वाट सहज चालण्यासारखी आहे. पहिल्या निकालाची वाट पाहायला लावल्यानं कुणाची हौस मरत नाही. उलट टीमला कोण टिकणार हेही कळतं, आणि बॅकआउट करणाऱ्यांचा दरवर्षीचा वैताग कमी होतो.

ऑनलाइन मीटिंगची सोयही अजून पुरेशी वापरली जात नाही. करोनाकाळात हीच मुलं अख्खे महोत्सव पडद्यावर भरवून मोकळी झाली. आज हजर राहण्याची खरी गरज तालमीला, सजावटीला आणि कार्यक्रमाला आहे. प्रायोजकांच्या याद्या करायला, पोस्टरचा मजकूर ठरवायला, वेळापत्रक बांधायला रात्री आठ वाजता चर्नी रोडला जमण्याची गरज नाही. मार्व्याच्या बोटीत बसलेली मुलगीही ते काम फोनवर करू शकते, आणि चांगलं करू शकते. तिला टीममध्ये घेताना ‘राहायला कुठे’ हा प्रश्न विचारायचाच असेल तर तिच्या वाट्याला कुठलं काम बसेल हे ठरवण्यासाठी विचारावा.

पालकांचाही यात वाटा आहे. ‘फेस्ट म्हणजे टवाळक्या’ असं म्हणून दार लावून घेणारे आणि ‘कॉलेजचे दिवस आहेत, मजा करू दे’ म्हणत सगळं सोडून देणारे, दोघंही प्रश्न विचारत नाहीत. किती तास, कुठल्या तारखा, घरी परत कधी, आणि इंटर्नल्सच्या आठवड्यात काम बंद राहणार का, एवढी चौकशी करण्याचा हक्क त्यांना आहे. उत्तर समाधानकारक असेल तर मुलीला रात्री नऊपर्यंत थांबू द्यायची तयारीही त्यांनी ठेवायला हवी.

प्राचार्यांकडे मागणं एवढंच: पुढच्या जुलैत ते टेबल मांडायच्या आधी प्रत्येक समितीकडून एक पान लिहून घ्या आणि ते नोटीस बोर्डावर आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर लावा. त्यावर चार गोष्टी असाव्यात. महिन्यागणिक अंदाजे तास. संध्याकाळी काम थांबण्याची वेळ. परीक्षेआधी काम पूर्ण बंद राहण्याचे दिवस. आणि टीमच्या प्रमुखांसाठी हजेरीची व उत्तीर्ण असण्याची अट. फॉर्मच्या क्यूआर कोडच्या वर तेच पान चिकटवलेलं असावं. आणि यंदा पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनो, इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘तुला काही विचारायचंय का?’ असं सीनियर म्हणतील, तेव्हा ‘नाही’ म्हणून उठू नका. एकूण किती तास आणि शेवटची मीटिंग किती वाजता संपते, हे विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.